हेरोदाविना गव्हाण

डिसेंबरचा मध्य उलटला की वसईच्या वाड्यांतून, गोव्याच्या गावागावांतून आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील ख्रिस्ती वस्त्यांतून घरोघर चांदण्यांचे कंदील लागतात. ओटीवर किंवा अंगणाच्या कोपऱ्यात पेंढ्याचा छोटा गोठा उभा राहतो. मध्यभागी गव्हाण, गव्हाणीत बाळ येशू, एका अंगास मरिया, दुसऱ्या अंगास योसेफ, मागे बैल आणि गाढव, खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ आणि उंटावरून उतरलेले तीन राजे, अशी या देखाव्याची मांडणी ठरलेली असते. मुले कित्येक दिवस आधीपासून त्यात गुंतलेली असतात. वडीलधारी माणसे गेल्या वर्षीच्या मूर्ती पुसूनपासून पुन्हा मांडतात. मध्यरात्रीच्या उपासनेनंतर शेजारीपाजारी गोठा पाहावयास येतात आणि फराळाची ताटे घरोघर फिरतात. सण साजरा करण्याची ही रीत इतकी लोभस आहे की, तिच्याविषयी तक्रारीचा सूर काढणे कोणालाही रुचणार नाही.

तथापि या देखाव्यात एक पात्र कधीही नसते. ते पात्र म्हणजे यहुदियाचा राजा हेरोद. सणासुदीच्या दिवशी बालहत्या करविणाऱ्या राजाची मूर्ती कोणी अंगणात मांडावी, अशी अपेक्षा अर्थातच नाही. परंतु मूर्ती न मांडणे निराळे आणि त्या पात्राचा विसर पडणे निराळे. मत्तयाच्या शुभवर्तमानातून हेरोद वगळावयाचा, तर त्यातील जवळजवळ संपूर्ण दुसरा अध्यायच वगळावा लागेल. मग उरते ती एक शांत, चांदण्यांनी उजळलेली रात्र. ती रात्र मनाला विसावा देते. पण कोणाकडून काही मागत नाही. येशूजन्माच्या कथेपासून ख्रिस्ती माणसाला काही नैतिक आणि आध्यात्मिक बोध घ्यावयाचा असेल, तर या वगळलेल्या भागाकडे वळल्यावाचून तो हाती लागणार नाही.

ग्रंथात नसलेला धर्मशाळेचा मालक

चार शुभवर्तमानांपैकी येशूच्या जन्माची हकीकत सांगणारी शुभवर्तमाने दोनच आहेत. मार्काची कथा प्रौढ येशूच्या बाप्तिस्म्यापासून सुरू होते आणि योहानाचा आरंभ तत्त्वचिंतनाने होतो. लूक आणि मत्तय या दोघांनी मात्र जन्मकथा सांगितली; आणि त्यांच्या कथाही एकसारख्या नाहीत. लूककडे शिरगणती, प्रवास, गव्हाण आणि मेंढपाळ आहेत. मत्तयाकडे तारा, पूर्वेकडील ज्ञानी पुरुष, हेरोदाचा दरबार आणि मिसर देशाकडे पलायन आहे. परंपरेने या दोन कथा एकत्र गुंफल्या आणि त्यात स्वतःची भरही घातली. ज्ञानी पुरुष तीन होते असे मत्तय म्हणत नाही. तीन होत्या त्या भेटी, सोने, ऊद आणि गंधरस. ते राजे होते असेही तो म्हणत नाही. बैल आणि गाढव यांचा उल्लेख कोणत्याच शुभवर्तमानात नाही. जन्माची तारीखही कोठे दिलेली नाही. पंचवीस डिसेंबर हा दिवस चौथ्या शतकात रोममध्ये रूढ झालेला दिसतो. लूकने सांगितलेली शिरगणती आणि हेरोदाचा काळ यांचा मेळ बसविणेही इतिहासकारांना कठीण गेले आहे. या गोष्टींनी श्रद्धावंताने बिचकण्याचे कारण नाही. ग्रंथकारांनी नेमके काय सांगितले हे पाहण्याची सवय मात्र त्याने लावून घ्यावी. कारण ग्रंथात नसलेल्या गोष्टी कधीकधी ग्रंथातील बोध झाकून टाकतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे धर्मशाळेचा निर्दय मालक. नाताळच्या नाटुकल्यांतून तो हमखास येतो, दार उघडतो, गरोदर मरियेकडे पाहतो आणि दार लावून घेतो. लूकच्या कथेत असा कोणी मनुष्यच नाही. मराठी बायबलात ज्यासाठी ‘उतारशाळा’ हा शब्द योजिला आहे, तो मूळ ग्रीक शब्द लूकने पुढे अखेरच्या भोजनाच्या खोलीसाठीही वापरला आहे. आणि चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तातील खऱ्याखुऱ्या धर्मशाळेसाठी त्याने वेगळाच शब्द घेतला आहे. म्हणून योसेफ आणि मरिया नातलगांच्या घरी उतरली असावीत, पाहुण्यांची खोली भरलेली असावी आणि बाळंतपण घरातील सामायिक जागेत झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या काळच्या खेड्यांतील घरांत रात्री जनावरे आत घेत असत आणि गव्हाण घरातच असे. एका छपराखाली माणसे आणि गुरे राहत असलेली जुनी घरे ज्यांनी कोकणात किंवा देशावर पाहिली आहेत, त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

हा अर्थ घेतला म्हणजे कथा सौम्य होते असे नाही. ती अधिक बोचरी होते. निर्दय मालकाला दोष देणे सोपे असते, कारण ऐकणारा स्वतःला तसा समजत नाही. पण येथे कोणीच निर्दय नाही. गर्दी आहे, शिरगणतीची धावपळ आहे, आधी आलेल्यांनी जागा घेतली आहे. आणि या सर्व साध्यासुध्या कारणांचा परिणाम असा की, प्रसूत होणाऱ्या स्त्रीला जागा नाही. जगातील बहुतेक नकार असेच असतात. शाळेत जागा नसते, इस्पितळात खाट नसते, सोसायटीच्या नियमांत बसत नसते. नकार देणारा कोणावर रागावलेला नसतो. तो फक्त आपल्या हक्काच्या जागेवरून हललेला नसतो. पापाची कबुली देताना ख्रिस्ती माणूस आपण काय केले हे आठवतो. लूकची कथा त्याला आपण कोठे सरकलो नाही, हेही आठवावयास सांगते.

मेंढपाळांची खूण आणि योसेफाचे मौन

ज्या जन्माची वार्ता औगुस्त कैसराच्या दरबारात पोहोचली नाही, ती प्रथम पोहोचली रानात मेंढरे राखणाऱ्यांकडे. ते काही ध्यानस्थ बसलेले नव्हते. कळपाच्या राखणीसाठी जागे होते. त्यांना दिलेली खूणही विचार करण्याजोगी आहे. बाळंत्यात गुंडाळलेले आणि गव्हाणीत ठेवलेले मूल, हीच ती खूण. पंडितांना शोधावी लागली असती अशी ती नव्हती. गव्हाण कोणत्या घरी असते आणि तिच्याशी कसे जावे, हे मेंढपाळांइतके कोणाला ठाऊक असणार? देवाने त्यांच्याशी त्यांच्याच धंद्याच्या भाषेत बोलणे केले. आणि बाळाचे दर्शन घेऊन ते परत कळपाकडे गेले. दर्शन झाले म्हणून काठी टाकून दिली, असे लूक सांगत नाही. रात्रपाळीला जागणारी परिचारिका, पहारेकरी, रेल्वेचा कामगार आणि पहाटे बाजार गाठणारी भाजीवाली यांना मध्यरात्रीच्या उपासनेस येता येत नाही. पण शुभवार्तेचे पहिले श्रोते त्यांच्याच जातकुळीचे होते, याची आठवण सजलेल्या चर्चमधील मंडळींनी ठेवलेली बरी.

हे कुटुंब गरीब होते, याचा पुरावाही लूकने सहजगत्या देऊन ठेवला आहे. मुलाला मंदिरात नेल्यावर आईबापांनी अर्पण केली ती पारव्यांची किंवा होल्यांची जोडी. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे बाळंतिणीने कोकरू अर्पण करावे. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी पक्ष्यांची सवलत होती. त्या सवलतीचा लाभ येशूच्या आईबापांनी घेतला. म्हणजे ज्यांना आज दाखला दाखवून फीमाफी मागावी लागते, त्यांच्या रांगेत हे घर उभे होते. त्याच मरियेच्या तोंडी लूकने जे स्तोत्र घातले आहे, त्यात बलवंत आसनांवरून उतरविले जातात आणि भुकेले तृप्त होतात. मरियेची सौम्य, नतमुख मूर्ती मांडताना या स्तोत्राचा विसर पडतो.

योसेफाविषयी तर शुभवर्तमानकार फारच थोडे बोलतात आणि त्याच्या तोंडी एकही शब्द घालीत नाहीत. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो. परंतु त्याच्या नीतिमत्तेचा पुरावा म्हणून जे सांगतो ते विलक्षण आहे. वाग्दत्त वधू गरोदर असल्याचे कळल्यावर नियमशास्त्राचा आधार घेऊन तिला उघडी पाडण्याचा मार्ग योसेफापुढे मोकळा होता. चार लोकांत त्याची बाजू खरी ठरली असती. त्याने गुपचूप वेगळे होण्याचे ठरविले, आणि मत्तय हे स्वप्नातील आदेशापूर्वीचे सांगतो. दैवी खुलासा मिळण्याआधीच, आपण फसविले गेलो आहोत असे वाटत असताना, या माणसाने तिची अब्रू वाचविण्याचा विचार केला. धर्माचा आधार घेऊन दुसऱ्याला उघडे पाडण्याची हौस सर्व धर्मांच्या अनुयायांत आढळते आणि ख्रिस्ती मंडळ्याही तिला अपवाद नाहीत. घरची मुलगी चुकली असे वाटताच कुजबूज सुरू करणाऱ्या मंडळीने गोठ्यातील योसेफाची मूर्ती जरा निरखून पाहावी. नियम ठाऊक असूनही जो दुसऱ्याला त्याखाली चिरडत नाही, त्याला हे शुभवर्तमान नीतिमान म्हणते.

नऊ किलोमीटरांचे अंतर

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग हेरोदाच्या क्रौर्याचा नाही. तो त्याच्या आधी येतो. पूर्वेकडील ज्ञानी पुरुष जेरुसलेमास येऊन विचारतात की, यहुद्यांचा राजा कोठे जन्मास आला? हेरोद मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना पाचारण करतो. ते क्षणाचाही विलंब न लावता मीखा संदेष्ट्याच्या वचनाचा आधार देऊन बेथलेहेमचे नाव सांगतात. उत्तर अचूक आहे. पाठांतर निर्दोष आहे. आणि तेवढे सांगून ते घरी जातात.

जेरुसलेमपासून बेथलेहेम जेमतेम नऊ किलोमीटर आहे. सकाळी निघालेला मनुष्य चालत दुपारच्या आत पोहोचावा. शेकडो कोसांवरून आलेले परके लोक ती वाट चालून गेले. ज्यांनी पत्ता सांगितला त्यांपैकी एकही गेल्याचे मत्तय लिहीत नाही. परक्यांजवळ ग्रंथ नव्हता, तारा होता. यांच्याजवळ ग्रंथ होता, पण पाय उचलले गेले नाहीत. हा प्रसंग वाचून जुन्या काळच्या यहुदी शास्त्र्यांना नावे ठेवण्याची खोड ख्रिस्ती जगाला फार पूर्वीपासून आहे. वस्तुतः आज त्या शास्त्र्यांच्या जागी बसलेला मनुष्य ख्रिस्तीच आहे. बायबल त्याच्या घरी आहे, वचने तोंडपाठ आहेत, कोणता अध्याय कोठे आहे हे तो झोपेत सांगेल. प्रश्न उरतो तो नऊ किलोमीटरांचा. वचन ठाऊक असणे आणि वचनाच्या दिशेने चालू लागणे यांमधील ते अंतर आहे. धर्मोपदेशक, धर्मशिक्षक आणि धर्माविषयी लेख लिहिणारे या सर्वांना ते चालावे लागते.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. त्या गव्हाणीभोवती एकही ख्रिस्ती नव्हता. मरिया, योसेफ आणि मेंढपाळ यहुदी होते. मुलाची सुंता आठव्या दिवशी झाली. ज्ञानी पुरुष तर भिन्न देशाचे आणि भिन्न उपासनेचे होते. त्यांना कोणी आधी धर्म बदलावयास सांगितल्याचे मत्तय म्हणत नाही. जे यहुदी घर या कथेच्या केंद्रस्थानी आहे, त्याच्या वंशजांचा युरोपातील ख्रिस्ती समाजांनी शतकानुशतके छळ केला. घराच्या अंगणात यहुदी मातेची मूर्ती मांडून गावातील यहुद्यांची घरे पेटविणारे लोक नाताळ मोठ्या भक्तिभावाने करीत असत.

भक्तीची भाषा बोलणारा राजा

आता हेरोदाकडे वळावे. इतिहासाला ठाऊक असलेला हेरोद हा मूर्ख किंवा आळशी राजा नव्हता. त्याने जेरुसलेमच्या मंदिराची भव्य पुनर्बांधणी आरंभिली, कैसरिया हे बंदर उभारले, मसाडाचा किल्ला मजबूत केला. बेथलेहेमच्या आग्नेयेस पाचएक किलोमीटरांवर त्याने कृत्रिम टेकडीवर हेरोडियम हा गढीवजा राजवाडा बांधला होता. पण रोमच्या कृपेने मिळालेले सिंहासन जाईल, या भयाने त्याला आयुष्यभर ग्रासले होते. त्या भयापोटी त्याने पत्नी मरियम्ने हिला आणि पुढे स्वतःच्या तीन मुलांना ठार करविले. हे सर्व पहिल्या शतकातील इतिहासकार जोसिफस याने नोंदविले आहे.

बेथलेहेमच्या बालहत्येचा उल्लेख मात्र जोसिफसने केलेला नाही. त्यामुळे काही अभ्यासक तिला इतिहास न मानता, मोशेच्या जन्मकाळी फारोने केलेल्या बालहत्येच्या धर्तीवर मत्तयाने रचलेली कथा मानतात. तर लहानशा गावातील मोजक्या मुलांच्या मृत्यूची नोंद न होणे त्या काळी अशक्य नव्हते, असे दुसरे म्हणतात. वाद सुटणारा नाही. परंतु नैतिक बोध त्यावर अडून बसलेला नाही. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या उंबऱ्यावरच ही कथा ठेवली, ती वाचकाने ओलांडून पुढे जावे म्हणून खास नव्हे.

या कथेतील हेरोदाचे एक वाक्य त्याच्या तलवारीपेक्षा भयंकर आहे. मूल सापडले की मला कळवा, म्हणजे मीही येऊन त्याला नमन करीन, अशा आशयाचे ते ज्ञानी पुरुषांना उद्देशून आहे. हेरोद देवाला नाकारीत नाही. तो भक्तीची भाषा बोलतो, धर्मपंडितांना सन्मानाने बोलावतो, शास्त्रार्थ विचारतो आणि मिळालेल्या उत्तराचा उपयोग मारेकऱ्यांना पत्ता देण्यासाठी करतो. सत्तेने धर्माची भाषा उचलली की ती ओळखणे किती अवघड असते, याचा हा धडा आहे.

तो धडा ख्रिस्ती जगाने वेळेवर घेतला असे इतिहास सांगत नाही. चौथ्या शतकात रोमच्या सम्राटाने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला, बेथलेहेमला जन्मस्थानावर चर्च उभे राहिले आणि गव्हाणीचा धर्म राजवाड्यात राहावयास गेला. इ. स. ८०० च्या नाताळच्या दिवशी रोममध्ये शार्लमेन याच्या मस्तकावर पोपने सम्राटपदाचा मुकुट ठेवला. याच राजाने १८ वर्षांपूर्वी व्हर्डेन येथे साडेचार हजार सॅक्सन बंडखोरांची कत्तल करविल्याचे त्याच्याच दरबारी बखरकारांनी लिहून ठेवले आहे. गव्हाणीत जन्मलेल्याचा वाढदिवस मुकुट चढविण्यासाठी निवडला गेला, हे कोणास खटकले नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. आणि त्याच भूमीत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीच्या गोडीने भारावून ओवीछंदात क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. एकीकडे लोकांच्या भाषेपुढे नम्र होणारा धर्म आणि दुसरीकडे लोकांना न्यायासनापुढे उभा करणारा धर्म, असे दोन्ही एकाच काळी, एकाच किनाऱ्यावर नांदत होते. यांपैकी गव्हाणीशी नाते कोणाचे, हे सांगण्याची गरज नाही.

हा इतिहास जुना झाला असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. जातिभेदाला कंटाळून जे ख्रिस्ती झाले त्यांना चर्चच्या आतही जातीच्या रेघा भेटल्या. दक्षिणेत काही ठिकाणी त्या रेघा दफनभूमीतील भिंती होऊन उभ्या राहिल्या. जागा नाही, असे मेलेल्या माणसालाही सांगणारी मंडळी गोठ्यापुढे मेणबत्ती लावते, तेव्हा ती मेणबत्ती नेमके काय उजळते, याचा विचार तिने करावयास हवा.

ज्यांनी कथा पुरती ऐकली

असे असले तरी कथा पुरती ऐकणारी माणसेही ख्रिस्ती परंपरेने दिली आहेत. गोठ्याच्या देखाव्याची प्रथा ज्याच्या नावाशी जोडली जाते, त्या संत फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी गावी गव्हाण मांडली. तीत पेंढा होता, शेजारी जिवंत बैल आणि गाढव होते आणि तिच्यावरच उपासना झाली. बाळाला कोणत्या अडचणींत जन्मावे लागले, हे डोळ्यांनी दिसावे, अशी फ्रान्सिसची इच्छा होती. कपडेलत्ते आणि वडिलांची मालमत्ता सोडून दिलेल्या माणसाला ही इच्छा व्हावी यात नवल नाही. देखाव्याचा हेतू शोभा नव्हता. शोभेखाली दडलेले दारिद्र्य उघडे करणे हा होता.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणि विधवा शेकड्यांनी आणल्या आणि केडगाव येथे त्यांचा सांभाळ आरंभिला. सर्व सोय झाल्यावर माणसे आणावी, असा हिशेब त्यांनी केला नाही. माणसे आली आणि मुक्तिसदनाच्या पक्क्या इमारती मागाहून उभ्या राहिल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, हे अनेकांना ठाऊक असते. ज्या स्त्रीने त्या ग्रंथातील एकेका शब्दाचा अर्थ शोधला, तिनेच जागा नाही या शब्दांना आपल्या आयुष्यात थारा दिला नाही, या दोन गोष्टी मात्र एकत्र पाहिल्या जात नाहीत. वचन जाणणे आणि नऊ किलोमीटर चालणे या दोहोंचा संयोग कसा दिसतो, याचे उदाहरण मराठी ख्रिस्ती समाजाला दूर शोधावयास नको.

मिसर देशाकडे पळून जाणारे ते कुटुंब आजही रस्त्यावर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या मोजणीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घरादाराला मुकलेली होती. त्यांत सुमारे चाळीस टक्के मुले होती. खुद्द बेथलेहेममध्ये २०२३ च्या नाताळात सार्वजनिक सोहळे झाले नाहीत. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला इस्रायलवर झालेल्या हल्ल्यात मुले बळी पडली होती आणि त्यानंतरच्या युद्धात गाझातील मुले हजारोंच्या संख्येने मरत होती. बेथलेहेममधील ल्यूथरन चर्चने त्या नाताळात बाळ येशूची मूर्ती पेंढ्यावर न ठेवता पडक्या इमारतीच्या दगडविटांच्या ढिगात ठेवली. तो देखावा पाहून अनेकांना धक्का बसला. मत्तय वाचलेल्याला बसावयास नको होता.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सण हा आनंदासाठी असतो. वर्षभर राबणाऱ्या माणसाला एक रात्र तरी निश्चिंत मिळावी, तिच्यावर इतिहासाचे आणि पापाचे ओझे कशाला, असे कोणी म्हणेल. आनंदावर विरजण घालणे हा धर्म नव्हेच. परंतु देवदूतांनी सांगितलेला आनंद हा काळोखात जागणाऱ्या, रोमच्या अमलाखाली राहणाऱ्या माणसांना सांगितलेला आनंद होता. दुःखाकडे पाठ फिरवून तो टिकविण्याची गरज नव्हती. चर्चने तरी हे ओळखले होते. पाश्चात्त्य चर्चच्या पंचांगात नाताळच्या दुसऱ्याच दिवशी पहिला हुतात्मा स्तेफन याचे स्मरण येते आणि २८ डिसेंबरला बेथलेहेमच्या निरपराध बालकांचे. पंचांगाने जे एकत्र ठेवले ते सणाच्या धामधुमीत वेगळे पडले, इतकेच.

त्या बालकांच्या बाबतीत श्रद्धावंताला एक प्रश्न छळतो. एक मूल स्वप्नातील सूचनेमुळे वाचले. इतरांच्या बापांना स्वप्न का पडले नाही? मत्तय याचे उत्तर देत नाही. मुलांसाठी आक्रोश करणारी आणि कोणाचेही सांत्वन न स्वीकारणारी राहेल तो यिर्मयाच्या ग्रंथातून आणून उभी करतो आणि गप्प राहतो. वाचलेले मूल पुढे वाढले आणि तेही क्रूसावर मारले गेले, एवढेच त्याच्या उर्वरित ग्रंथातून कळते. शोकाकुल घरी जाऊन देवाची इच्छा असे सहज बोलून टाकणाऱ्यांनी या मौनापासून शिकावे. काही दुःखांपुढे धर्माने उत्तर देण्याची घाई करू नये, जवळ बसावे.

योसेफ मात्र त्या रात्री बसून राहिला नाही. मत्तयाने लिहिल्याप्रमाणे तो रात्रीच उठला आणि मुलाला व त्याच्या आईला घेऊन निघाला. आणि ज्ञानी पुरुषांनी काय केले? त्यांनी हेरोदाशी वाद घातला नाही, घोषणा केल्या नाहीत. ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशास गेले. मुलाला पाहून आल्यावर हेरोदाच्या दाराशी जाणारी जुनी वाट त्यांना वापरता आली नाही. ती वाट लांबची असेल, अनोळखी असेल. राजाचा रोष तर निश्चित होता. येशूजन्माच्या कथेतील सर्व बोध या लहानशा तपशिलात सामावला आहे. गोठ्यापर्यंत सगळेच जातात. खरा प्रश्न तेथून परत येताना कोणती वाट धरली, हा असतो.

सहा जानेवारीचा सण झाला की मूर्ती कागदात गुंडाळून पेटीत ठेवल्या जातील, पेंढा गुरांपुढे टाकला जाईल आणि चांदण्यांचे कंदील उतरतील. कामावर जाण्याची वाट पुन्हा सुरू होईल. त्या वाटेवर जागा मागणारा कोणी भेटेल, उघडी पाडता येईल अशी एखादी स्त्री भेटेल आणि भक्तीच्या भाषेत कोणाचा तरी पत्ता विचारणारा हेरोदही भेटेल. त्या वेळी जो दुसऱ्या वाटेने वळेल, त्याचा नाताळ साजरा झाला असे म्हणता येईल.